कॉम्प्युटर बदलायच्या आधी एकदा उघडून तरी बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

शाळेतले कॉम्प्युटर बंद पडलेत, अमुक ऑफिसात मशीन स्लो म्हणून लोक दाखल्यासाठी ताटकळले, पतसंस्थेत पासबुक भरून मिळेना, असल्या बातम्या पेपरात अधूनमधून येतच असतात आणि त्यात शेवटी मागणी एकच असते, नवीन कॉम्प्युटर द्या. मी इचलकरंजीत कॉम्प्युटर रिपेरिंगचं काम करतो आणि टेबलावर येणारी मशीन बघून माझं सरळ मत झालंय की यातली बरीच मशीन जुनी नसतात, ती आतून धुळीनं भरलेली असतात. त्यावर कोण बोलत नाही म्हणून हे पत्र. लांबलंय थोडं, पण जमेल तेवढं छापा.

आधी आमच्या गावच्या धुळीबद्दल सांगतो, कारण पुण्यामुंबईतल्या ऑफिसातली धूळ वेगळी आणि आमची वेगळी. इथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गावात सूत आहे आणि सूत आलं की सुताचे बारीक तंतू आलेच. माग चालू असला की हे तंतू दिवसभर हवेत तरंगतात. त्यात सायझिंगमध्ये सुताला लावलेल्या खळीची बारीक पूड असते, तीही मागावर घासून सुटते. शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात, म्हणजे खळ, सूत आणि ओल तिन्ही एकत्र, त्यामुळं ही धूळ फुंकर मारून उडत नाही, ती चिकटून बसते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आजूबाजूचे साखर कारखाने चालू असतात, बगॅस म्हणजे उसाचा चोथा जळतो, त्याची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते हे हातकणंगले शिरोळकडच्या बायकांना विचारा. आणि २०१९ च्या पुरानंतर पंचगंगेचा गाळ वाळून जी धूळ उठली ती तर कुणी विसरलं नसेल, त्यानंतर कितीतरी दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येक मशीनमध्ये तसलाच पिवळसर थर दिसायचा. आता हे सगळं ज्या हवेत आहे तीच हवा आपला कॉम्प्युटर आत ओढतो.

लोकांना वाटतं कपाटावर बसते तशी धूळ कॉम्प्युटरवर वरून बसते, फडकं मारलं की झालं. तसं नाही ना. बंद पडून असलेल्या मशीनपेक्षा रोज चालणाऱ्या मशीनमध्ये धूळ जास्त जाते, कारण आतले पंखे चालू असेपर्यंत पुढून हवा आत खेचतात आणि मागून बाहेर टाकतात, हवा निघून जाते पण तिच्याबरोबर आलेलं बरंचसं आत अडकून राहतं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे प्रोसेसरवरचा, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपवरचा हीटसिंक. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्या फटीतून हवा गेली तरच प्रोसेसर थंड राहतो. पंखा वर, पट्ट्या खाली आणि दोन्हीच्या मध्ये सुताचा थर असा काही जमतो की पंखा काढल्यावर तो अख्खा गोधडीसारखा उचलून हातात येतो. गिऱ्हाईकाला दाखवला की ते म्हणतं हे माझ्या मशीनमधलं नाही!

मग होतं काय ते बघा. पंखा फिरतोय, घरघर आवाजही येतोय, पण हवा पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही. चांगल्या अवस्थेतला डेस्कटॉप साधं टायपिंग करताना साधारण ३५ ते ४५ डिग्रीवर असतो, जोराचं काम आलं तर ६०, ७०, कधी ८०. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्रीच्या आसपास असते. तिथपर्यंत गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, कुणाला विचारत नाही, स्क्रीनवर काही लिहून येत नाही. खिडकीवरचा क्लार्क म्हणतो सर्व्हर डाऊन आहे, साहेब म्हणतात नेट स्लो आहे, मुख्याध्यापक म्हणतात व्हायरस आलाय, मग कुणीतरी येऊन फॉरमॅट मारून जातं, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. दुपारी बारानंतर मशीन जास्त हँग होतंय, एप्रिल-मेमध्ये आपोआप बंद पडतंय, थोड्या वेळानं चालू केलं तर पुन्हा चालतंय, अशी लक्षणं असतील तर फॉरमॅट मारायच्या आधी एका बाजूचं पत्र्याचं झाकण काढा. मागचे दोन स्क्रू असतात, बऱ्याच कॅबिनेटला हातानंच निघतात.

आणि पावसाळ्यात वेगळाच प्रकार. मदरबोर्डाला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या बोर्डाला, कोरडी धूळ एवढी त्रास देत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये तीच धूळ हवेतली ओल धरून ठेवते, मग बोर्डावर जिथं करंट जाऊ नये तिथून थोडा थोडा जायला लागतो, रॅमचे म्हणजे मेमरीच्या पट्टीचे पॉईंट काळे पडतात आणि सकाळी मशीन चालू केलं की पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही. निम्म्या वेळा रॅम काढून सोनेरी पट्टी साध्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसून परत बसवली की चालू! हे काम शाळेतला दहावीचा पोरगा करू शकतो, त्यासाठी मशीन आमच्याकडं गाडीवर टाकून आणायची गरज नसते. माझंच नुकसान करतोय असं बायको म्हणेल, पण असू दे.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्याकडं कारखान्यात मागाची झाडलोट नीट होते. पाळी बदलताना ब्लोअर मारतात, तेलपाणी होतं, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा बघून जातो, कारण मालकाला माहीत आहे की तंतू साठले तर माग थांबणार आणि माग थांबला की मजुरी बुडणार. त्याच कारखान्याच्या ऑफिसात, काचेच्या पलीकडं, जीएसटीची बिलं काढणारा कॉम्प्युटर टेबलाखाली फरशीवर ठेवलेला असतो आणि तो आणल्या दिवसापासून कुणी उघडलेला नसतो. तोही यंत्रच आहे की. खंडेनवमीला मात्र त्याची आठवण बरोबर येते. झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढं उदबत्ती, काही ठिकाणी तर धूपही, आणि पूजा चालू असताना मशीन पण चालू, म्हणजे उदबत्तीची राख आणि धुपाचा चिकट धूर पंखा प्रेमानं आत ओढून घेतोय. मॉनिटरच्या कडेला कुंकवाचं बोट लावलेलं वर्षभर तसंच असतं. पूजेला माझा विरोध नाही, मी स्वतः दुकानात करतो, पण मागाची पूजा करायच्या आधी माग झाडूनपुसून लख्ख करतात ना, मग कॉम्प्युटरला आतून का नाही? पूजेच्या वेळी मशीन बंद ठेवा, उदबत्ती लांब ठेवा, आणि आदल्या दिवशी झाकण उघडून साफ करा. शस्त्रपूजेत शस्त्राची गंज काढणं आधी येतं असं मी तरी लहानपणापासून बघत आलोय.

सरकारी ऑफिस, बँका, पतसंस्था यांच्याकडं एएमसी असते, म्हणजे वर्षाचं देखभालीचं कंत्राट. बहुतेक करारात तीन महिन्यातून एकदा प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात पोरगा येतो, मशीन चालू होतंय का बघतो, अँटीव्हायरस अपडेट करतो, चहा पितो आणि शीटवर सही शिक्का घेऊन जातो. त्या पोराची पण चूक म्हणता येत नाही, त्याला एका दिवसात दहा ठिकाणं दिलेली असतात आणि पगार काय असतो ते विचारू नका. पण सही करणाऱ्या साहेबांनी एवढं तरी म्हणावं की बाबा माझ्यासमोर एक तरी उघडून दाखव. शीटवर कॅबिनेट उघडून साफ केले असा एक रकाना टाकला आणि साफ करायच्या आधीचा-नंतरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगितला तर खर्च शून्य आहे, आणि निम्म्या तक्रारी तिथंच संपतील.

शाळांचं दुखणं आणखी वेगळं. कॉम्प्युटर लॅब आली तेव्हा चप्पल बाहेर, पडदे, गालिचा, काही ठिकाणी एसी सुद्धा, असा थाट होता. पुढं बूट (बीओओटी) तत्त्वावरच्या, म्हणजे कंपनीनं लॅब उभारून काही वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची असल्या कंत्राटांची मुदत संपली, शिकवायला आलेले शिक्षक गेले आणि लॅबची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेली. आता काही शाळांत लॅबचाच वर्ग झालाय, फळा आहे, खडू आहे. खडूची पूड पांढरी म्हणून निरुपद्रवी वाटते पण ती बारीक असते आणि पंखा तिला सोडत नाही. त्यात सकाळी झाडू. मावशी येतात, केर काढायला सुरुवात करतात, आणि त्याच वेळी सर येऊन सगळी मशीन चालू करून ठेवतात म्हणजे तास सुरू व्हायच्या आधी तयार असतील. जमिनीवरची सगळी धूळ हवेत उडालेली असताना मशीन चालू! काहीच खर्च न करता करता येण्यासारखी गोष्ट आहे, आधी केर काढा, ओलं फडकं मारून फरशी पुसा, अर्धा तास जाऊ द्या, मग मशीन चालू करा. आणि प्लास्टिकची फुलाफुलाची कव्हरं, ती मशीन बंद झाल्यावर थोडं गार होऊ देऊन घालायची असतात. मी चालू मशीनवर कव्हर घातलेलं पाहिलंय, मागच्या बाजूनं गरम वाफ येतेय आणि सर सांगतात धूळ जाऊ नये म्हणून घातलंय.

साफ कसं करायचं ते आता सांगतो, कारण लोक एकतर हात लावायला घाबरतात नाहीतर फार जोरात लावतात. वायर नुसती स्विचवर बंद करून चालत नाही, मागची पॉवर केबल काढायची, मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो. मशीन गॅलरीत किंवा अंगणात न्यायचं, खोलीत साफ केलं तर धूळ बाजूच्या मशीनमध्ये जाते. तोंडाला रुमाल किंवा मास्क हवाच, हे गंमतीत सांगत नाही, सुताची धूळ छातीत गेली की काय होतं ते गावातल्या म्हाताऱ्या कामगारांना माहीत आहे. मग नवा कोरडा रंगाचा मऊ ब्रश घेऊन आधी जमलेला थर सोडवायचा आणि नंतर छोट्या ब्लोअरनं थांबून थांबून हवा मारायची. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर तो भन्नाट फिरतो, त्याचं बेरिंग जातं आणि फिरता फिरता उलटा करंट बोर्डाकडं जायची भीती असते. पोरांना तो पंखा फिरवायला फार आवडतं, पण नको.

इथं आमच्या गावासाठी खास सूचना. कारखान्यातला कंप्रेसर वापरू नका. हवेचा दाब सहा-सात बार असतो, छोट्या वायरी आणि पंख्याची पाती उडतात, आणि टाकीत पाणी साठलेलं असतं, त्याचे थेंब हवेबरोबर बोर्डावर येतात. मागाला ते चालतं, मदरबोर्डाला नाही. घरचा व्हॅक्युम क्लीनर पण आत घालू नका, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज तयार होते, हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत तर जास्तच, आणि एखादा छोटा चिप उडाला तर कळणार पण नाही कशानं उडाला. हवेचे डबे मिळतात ते उभे धरूनच मारायचे, उलटे केले की आतलं गार द्रव बाहेर येतं, आणि ते पेट घेणारं पण असतं. काहीजण कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर घेऊन बसतात, त्यात पाणी असतं, बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, ते बोर्डावर चिकट राहतं आणि पुढची धूळ आणखी घट्ट धरतं. पुसायचंच असेल तर ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मॉनिटरवर स्प्रे डायरेक्ट मारू नका, तो ओघळून खालच्या कडेत जातो, फडक्यावर घेऊन पुसा.

एसएमपीएस म्हणजे ज्यात पॉवरची केबल जाते तो पत्र्याचा डबा, तो कुणीही घरी उघडायचा नाही. आपली २३० व्होल्टची लाईन आत गेल्यावर डीसी होऊन साधारण ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि केबल काढल्यावर पण कॅपॅसिटरमध्ये काही वेळ राहू शकते. बाहेरून जाळीतून हवा मारा, बस. प्रोसेसरवरचा हीटसिंक पण नवीन पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडं पोचवायला दोन्हीच्या मध्ये लावतात ती) हातात असल्याशिवाय काढू नका, एकदा उचलला की जुनी पेस्ट बाद होते. एएमडी कंपनीचा प्रोसेसर एएम४ जातीच्या सॉकेटमध्ये बसवलेला असेल तर जास्तच जपा, पेस्ट वाळलेली असेल तर हीटसिंकबरोबर प्रोसेसर पण उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात, मग माझ्यासारख्याकडं रडत यावं लागतं. काढायचाच झाला तर थोडा वेळ मशीन चालवून गरम करा, बंद करून केबल काढा, आणि हीटसिंक हळू पिळत सैल करा.

मागच्या बाजूला कार्ड काढून उघडे राहिलेले स्लॉट आणि पुढं डीव्हीडी ड्राईव्ह काढल्यावर राहिलेली खिडकी, ही भोकं बंद करा. पत्र्याच्या पट्ट्या मिळतात, नाही मिळाल्या तर जाड पुठ्ठा कापून लावा. धूळ तर सोडाच, त्यातून झुरळं जातात, पाली जातात, उबेला मुंग्या घर करतात. एका मशीनमध्ये उंदरानं हजेरीपटाचे कपटे करून चांगलं बाळंतपण केलं होतं. पुढच्या जाळीला बारीक फिल्टर लावला तर आमच्याकडच्या तंतूंचा बराच भाग बाहेरच अडतो, फक्त तो फिल्टर आठवड्याला काढून झटकायला पाहिजे, नाहीतर फिल्टरच बुच होऊन बसतो आणि मशीन आधीपेक्षा जास्त तापतं. आत हवा खेचणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जोराचे असले तर आत दाब राहतो आणि फटीफटीतून धूळ खेचली जात नाही, नवीन असेंबल करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि सगळ्यात सोपं, मशीन फरशीवरून उचला. वीतभर उंचीचा लाकडी स्टँड सुतार शे-दोनशे रुपयात करून देतो.

आता पैशाचं बोलू. एक डेस्कटॉप आतून नीट साफ करून पेस्ट बदलायला आमच्यासारखे तीनशे ते पाचशे रुपये घेतात, जास्त मशीन असली तर कमी. त्या जागी होतं काय, मशीन स्लो आहे असा शेरा पडतो, जडवस्तू नोंदवहीत ते नादुरुस्त दाखवतात, निर्लेखनाचा म्हणजे नोंदवहीतून कमी करायचा प्रस्ताव जातो, तो मंजूर व्हायला वर्ष-दोन वर्षं, तोपर्यंत मशीन कोपऱ्यात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळं तर आता सगळीकडं जुनी मशीन काढून टाकायची लाट आलीये. विंडोज ११ ला टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची एक चिप लागते, इंटेलची असतील तर साधारण आठव्या पिढीपासून पुढची मशीन लागतात, त्याच्या मागची खरंच अडचणीत आहेत हे मान्य. तरी शाळेतल्या पोरांना टायपिंग, हिशोबाची शीट, चित्रं शिकवायला त्यांच्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकून आणि आतून साफ करून ती अजून चालवता येतात. आणि जी आठव्या पिढीपासून पुढची आहेत ती नुसती तापतात म्हणून त्याच ट्रकमध्ये टाकू नका एवढंच म्हणणं आहे. टाकायची वेळ आलीच तर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणं ई-कचरा नोंदणी असलेल्या रिसायकलरकडंच गेला पाहिजे.

माझी मागणी नवीन कॉम्प्युटरची नाही. महापालिका, शाळा, पतसंस्था, सेवा केंद्रं, ज्यांच्याकडं पाचाच्या वर मशीन आहेत त्यांनी वर्षातून दोनदा, एकदा मे अखेर पाऊस लागायच्या आत आणि एकदा नवरात्रात, सगळी मशीन उघडून साफ करायची आणि कोणत्या तारखेला कुणी केलं ते कॅबिनेटवर स्टिकर लावून लिहायचं. कारखान्याच्या आवारातली असतील तर दर दोन महिन्यांनी, तिथं सहा महिने थांबून चालणार नाही. आयटीआयची आणि कॉलेजची पोरं यात घेतली तर त्यांचा हात बसेल, संस्थांचं काम स्वस्तात होईल. कुणा शाळेला सुरुवातीला दाखवायला माणूस हवा असेल तर गावातले आम्ही दोघंतिघं रिपेरवाले एखाद्या रविवारी फुकट येऊ, तसं आमचं बोलणं झालंय.

आणि एक राहिलं, प्रिंटर. लेझर प्रिंटरचं टोनर सांडलं तर झाडूनं लोटू नका आणि साध्या व्हॅक्युमनं ओढू नका, ती प्लास्टिकची पूड इतकी बारीक असते की व्हॅक्युमच्या पिशवीतून आरपार परत खोलीत येते. गरम पाणी पण नको, ती वितळून चिकटते. गार पाण्याचं ओलं फडकं, हलक्या हातानं, आणि फडकं टाकून द्या.

आपला,
एक कॉम्प्युटर रिपेरवाला, इचलकरंजी